जिक्राची मस्कतची बॅग

सोमवार, १२ जानेवारी २०२६. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. बरोबर या वेळेला माझ्या सुनेने, जास्मीनने, माझ्या नातीच्या, जिक्राच्या, बॅगेतून तिच्या मैत्रिणीचे, पूर्वीचे, बूट काढून बाल्कनीत टाकले. कशासाठी? सुक्या बोंबलांसाठी!

कबड्डीचे बूट. तळवे झिजलेले, कडेला जासईच्या मैदानाची माती. पूर्वीच्या आईने स्वतःच्या हाताने जिक्राला दिलेले. तेव्हापासून ते जिक्राच्या उशाशी असतात.

"अम्मी, वास येतो हो त्यांना!" जास्मीन म्हणाली. आणि बोंबलांना काय, मोगऱ्याचा येतो?

जिक्रा तिथेच उभी होती. बूट उचलले, ओढणीने पुसले, आत निघून गेली. अठरा वर्षांची पोर. या घरात सगळ्यात जास्त तोंड हिचं चालायचं — माझ्यावर गेलेली. आता काही विचारलं तर नुसती बघते.

आणि माझा मुलगा ओवेस, वजनकाट्याला लटकलेल्या बॅगेपुढे वाकून म्हणतो, "एकोणतीस पाचशे. बरोब्बर बसलं."

बरोब्बर बसलं!

मंगळवार, १३ जानेवारी

मस्कतची कल्पना माझी. म्हणून राग स्वतःवरही आहे.

पूर्वी गेली २१ नोव्हेंबरला. स्कूटीवरून कॉलेजला येत होती, कंटेनरच्या ट्रेलरखाली आली. जिक्रा खांदा कॉलनीच्या स्टॉपवर दोन वडापाव घेऊन तिची वाट बघत होती. ते वडापाव तसेच घेऊन घरी आली. तेव्हापासून कॉलेज नाही, जेवण नाही. रस्त्यावर मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला की भिंतीला चिकटते. म्हणून म्हटलं, हिला महिनाभर माझ्या लेकीकडे, रुबीनाकडे पाठवा. तिथे समुद्र आहे, घरात माणसं कमी आहेत, 'अजून रडतेस?' असं विचारायला मोहल्ला नाही.

ओवेस आणि जास्मीन लगेच हो म्हणाले. लगेच! या घरात माझं म्हणणं चर्चेशिवाय मंजूर होण्याची ही पहिलीच वेळ. मला फार बरं वाटलं.

मग मोहल्ल्यात बातमी फुटली. मस्कतला कोणी निघालं की ते माणूस राहत नाही, टेम्पो होतो. कोणाच्या जावयाला सुकट, कोणाच्या लेकाला पापड, कोणाच्या सुनेला बाळंतपणाचे लाडू. मी पोस्टात चौतीस वर्षं काढली, पार्सलच्या खिडकीवर दिवाळीतसुद्धा एवढी रांग पाहिली नाही. आणि कोणालाही नाही म्हणायचं नाही. उद्या आपल्यालाही कोणाकरवी पाठवायचं असतं ना!

त्यातल्या त्यात जास्मीनचा भाऊ खलील शहाणा निघाला. त्याचा मुलगा अरीब मस्कतला नोकरी करतो, त्याच्यासाठी डबा. पांढऱ्या कापडात शिवलेला, टाके सरळ, नाव स्वच्छ अक्षरात. कसला म्हणून वास नाही. पाच किलो आहे, पण पार्सल असं असावं! मी तोंडावर शाबासकी दिली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या शशिकला तिळगूळ घेऊन आल्या. जिक्राला म्हणतात, "अगं, मैत्रीणच ना? मिळेल दुसरी."

तिळगूळ खाल्ला. गोड बोलले नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

दुपारी जिक्रा माझ्या खोलीत आली. पलंगाच्या कडेला बसली. बराच वेळ माझ्या चष्म्याची केस उघड-मीट करत होती. मी ओरडणार होते, बिजागरी तुटेल म्हणून. मग म्हणाली —

"दादी, पूर्वी माझी नुसती मैत्रीण नव्हती."

"चौतीस वर्षं बंद पाकिटं हाताळली आहेत मी," मी म्हटलं. "आत काय आहे ते वरून कळतं."

"कधीपासून?"

"ती इथे जेवायला आली होती तेव्हापासून. तू तिला माशाचे काटे काढून देत होतीस. आगऱ्याच्या पोरीला! तिला काय काटे काढता येत नव्हते?"

जिक्रा हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मग माझ्या मांडीत तोंड खुपसून इतकी रडली की साडी बदलावी लागली.

ननांच्या शाळेत वाढले मी. सिस्टर आम्हाला सांगायच्या, एखाद्या गोष्टीला नाव नसेल तर ती बोलू नका. मी बोलले नाही. पण पोरीला उठवून बाहेरही घालवलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

जिक्राला घेऊन जासईला गेले. पूर्वीच्या आईला, हौसाला, न भेटता जाणार नाही म्हणाली. रिक्षावाल्याने जायचे-यायचे मिळून इतके सांगितले की मी त्याला विचारलं, रिक्षा विकतोयस का?

रस्ताभर ट्रेलर. जिक्राने डोळे मिटून माझा दंड धरला होता. निळा पडला आहे.

हौसा अंगणात मासळी वाळत घालत होती. हात तसेच, मिठाचे. जिक्राला बघून उठली, हात लांब धरून नुसतं कपाळ तिच्या कपाळाला लावलं. पूर्वीचे वडील बळीराम ओट्यावर होते. त्यांनी खुर्ची दिली आणि आत निघून गेले.

"दोगी एका ताटान जेवाच्या," हौसा मला म्हणाली. "आमाला काय दिसत नव्हता? पन मी बोल्ली, हसतान ना? हसू दे." मग जिक्राकडे वळली. "तिकडं तुला बोलाला कोन हाय गो?"

जिक्राने खांदे उडवले.

"बूट घेतलेस ना? ते संगती ने. माजी पोर कदी इमानात बसली नाय."

मी म्हटलं, "घेतले आहेत." धडधडीत खोटं. त्या बाईच्या डोळ्यात बघून. जास्मीनसाठी खोटं बोलले मी!

रविवार, १८ जानेवारी

गेली.

बूट मी तिच्या पायात घालून पाठवले. दोन मापं मोठे, पुढे कापूस कोंबला. पायातल्या चपला-बुटांचं वजन कुठलंही विमानतळ करत नाही. जास्मीन बघतच राहिली. ओवेस म्हणाला, "अम्मी, कसे दिसतात ते!" मी म्हटलं, तुझ्या टकलापेक्षा बरे.

मी तिच्या दंडाला इमामजामिन बांधला, प्रवासाची राखण म्हणून. तिने वाकून माझा हात डोळ्यांना लावला. मग बदकासारखी फताक फताक चालत आत गेली. मागून बघताना वाटलं, दोघी चालल्यात.

जिंकले मी. आज झोप लागेल.

मंगळवार, २० जानेवारी

जिक्राचा फोन. दहा मिनिटं! सकाळी एकटी समुद्रावर जाते, बूट घालून. तिथे बसून पूर्वीशी बोलते. "मोठ्याने, दादी. इथे मराठी कोणाला कळतं?" दोन वेळा जेवली. रुबीनाने केलेल्या आमटीला नावं ठेवली. पोर परत येते आहे!

शनिवार, २४ जानेवारी

सकाळी रुबीनाचा फोन. "अम्मी, मुबारक!"

"कशाबद्दल?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं? काल जुम्म्यानंतर अरीब येऊन गेला. पार्सल घ्यायला."

पार्सल घ्यायला! आमच्यात परदेशी असलेल्या मुलाला मुलगी दाखवायची तर असंच करतात. मुलाच्या नावाचं पार्सल तिच्या सामानात द्यायचं. ते न्यायला मुलगा स्वतः येतो, मुलगी स्वतःच्या हाताने देते, सरबत देते, झालं बघणं. कोणी विचारलं तर, पार्सल न्यायला आला होता! या रुबीनाचंच लग्न असं जमलं, आंबोशीच्या पिशवीवर. पिशवी मीच भरली होती. आणि मी गेला पंधरवडा बोंबलांचे किलो मोजत बसले! खलीलच्या टाक्यांना शाबासकी दिली!

"डब्यात काय होतं?" मी विचारलं.

"लाल ओढणी. जरीची. आणि मिठाई. अरीबने डबा तिथेच उघडला, मी ओढणी तिच्या डोक्यावर घातली. सगळ्यांना तोंड गोड केलं."

"जिक्रा काय म्हणाली?"

"काय म्हणणार? खाली मान घालून बसली. कुंवारी मुलगी गप्प राहिली म्हणजे हो. तुम्हीच तर शिकवलंत."

मग जिक्राला फोन दिला. ती म्हणाली —

"दादी, तो डबा मीच उचलून आणला."

फोन परत रुबीनाच्या हातात गेला. रुबीना म्हणाली, आता मंगनी झालेली मुलगी, एकटी समुद्रावर पाठवत नाही आम्ही.

रविवार, २५ जानेवारी

ओवेसला समोर बसवलं. आधी म्हणाला, तुमचीच आयडिया होती ना मस्कतची? मग म्हणाला, "दोन महिने झाले, अम्मी. लग्न झालं की विसरेल. अरीबमध्ये वाईट काय आहे?"

"अरीबमध्ये काही वाईट नाही. तू वाईट आहेस."

जास्मीन दारात उभी होती. एकदम रडायला लागली. "मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? आई आहे मी. कळलं म्हणूनच घाई केली. उद्या लोकांना कळलं तर तिला कोण —" पुढचं पदरात गेलं. मला एक क्षण तिची दया आली. एकच क्षण.

"तिने तिथे दुपट्टा घालून आयुष्य काढायचं, तू इथे सुटलीस, असं?"

ओवेस उठला. "ती नाही म्हणाली का? एकदा तरी? इस्लाममध्ये मुलीला विचारावं लागतं. विचारलं. गप्प राहिली. कबूल आहे तिला. खलील मार्चमध्ये निकाहाचं म्हणतो. आता तुम्ही काय करणार?"

मी उठून माझ्या खोलीत आले.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडा, कर्णे, शेजारी जिलेबी. दार लावून बसले. दोन महिने गप्प असलेली मुलगी. या हिशेबाने तर तिने बोंबलांनाही होकार दिला होता.

मंगळवार, २७ जानेवारी

सकाळी नऊ वाजता ओवेसच्या हातात कागद दिला. रुबीनाला त्याचा फोटो पाठवला. मजकूर असा —

पूर्वी बळीराम घरत हिच्या मृत्यूपासून जिक्रा इद्दतीत आहे. विधवेचे चार महिने दहा दिवस. नवरा गेल्यावर मी पाळली, तशीच. या काळात तिच्यासाठी मागणं आणणं मना आहे. इद्दतीत असताना तिला प्रवासाला पाठवलं, ही चूक माझी. तिचा जबाब मी वर देईन. कुंवारीचं गप्प राहणं होकार धरतात. बेवेचं, म्हणजे विधवेचं, धरत नाहीत. तिने तोंडाने सांगावं लागतं. तेव्हा ओढणी खलीलकडे परत गेली आणि जिक्रासाठी समुद्रावर जायला दार उघडलं, असं तुम्ही दोघांनी, ओवेस आणि रुबीनाने, मला लेखी कळवावं. मुदत : गुरुवार, २९ जानेवारी, सूर्यास्ताची, मगरिबची अजान होईपर्यंत. तोंडी उत्तर घेतलं जाणार नाही.