त्राटिकेचा मान

९ डिसेंबर

सरांनी फाईल उघडलेली नाही. ड्राइव्हवर दिसतं ना, कोणी कधी पाहिलं ते. पंचेचाळीस दिवस! विभागात भेटले तर म्हणाले, "अगं, काहीतरी पाठव की." पाठवलंय सर — हे मनात. तोंडाने नुसतं "हो".

घरमालकीणबाईंनी आज पुन्हा विषय विचारला. सांगितलं — पेठकडच्या डोंगरात गावकरी मुखवटे लावून रात्रभर नाचतात, कोणी देव होतो, कोणी राक्षस. त्याला बोहाडा म्हणतात. त्यावर माझी पीएचडी. "बरं. आणि त्याचं पुढे काय?"

त्याचं पुढे काय, हे मला पाच वर्षांत कळलेलं नाही.

संध्या लग्न करून गेल्यापासून खोलीत दुसरा आवाज नाही. खाली भाजीबाजार ओरडत असतो, पण तो माझ्याशी थोडाच बोलतो! हल्ली मी कुकरला विचारते, झालं का रे?

१० डिसेंबर

आज कोणाशीच बोलले नाही. रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हटलं, ते धरलं तर दोन शब्द.

२२ डिसेंबर

अंबडला कंपनीत कामाला असलेल्या बहिरूला जाऊन भेटले. आज त्याला सुट्टी.

त्याच्या घराकडे त्राटिकेचा मान आहे, तीन पिढ्यांचा. सोंग राक्षसिणीचं, पण मुखवटा लावायचा तो घरातल्या पुरुषानेच. एक साल जरी घरचा माणूस उभा राहिला नाही तरी मुखवटा भावकीत जातो. वडील हिरामण नऊ वर्षांपूर्वी कौलं चाळताना पडले, कंबर गेली. तेव्हापासून बहिरू नाचतो — असं मी तिसऱ्या प्रकरणात दोनदा लिहिलंय.

कंपनीजवळच्या टपरीवर चहा घेतला. गेल्या वर्षीचा माझाच व्हिडिओ त्याला दाखवला. म्हटलं, गिरकीनंतरचं हे पाऊल जरा समजावून सांगा. तो बघत राहिला. हसला. म्हणाला, "आई लय भारी नाचती."

आणि मग त्याचा चेहरा!

"मॅडम, सुट्टीच नाय मिळत हो. नऊ सालात एकदाबी गेलो नाय."

२३ डिसेंबर

बारा पानं लिहिली! बाईचं सोंग, त्याचा मान पुरुषाचा, आणि आत नऊ वर्षं पुन्हा बाईच — बहिरूची आई, अक्काबाई! सोंग चढवताना घराचं दार बंद, मुखवटा उतरेपर्यंत बोलायचं नाही. नियमच तिच्या कामी आले. हे कुठल्याच पुस्तकात नाही. माझ्याकडे आहे! चौथं प्रकरण. लगेच सरांच्या ड्राइव्हवर टाकलं.

कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. कोणाला सांगणार? नामपूरला फोन लावला. आई म्हणाली, "जेवनी का?" म्हटलं, आई, मला एक मोठी गोष्ट मिळाली. "नोकरी लागनी का?"

फोन ठेवल्यावर रडू आलं. उगाच.

५ जानेवारी

अक्काबाईकडे गेले. बहिरूने तिला सांगून टाकलं होतं. नागलीच्या भाकरी करत होती, वर पाहिलं नाही.

"लिवलंस?"

"नाही अजून." खोटं बोलले. सरळ तिच्या तोंडावर.

"लिवू नको. गावाला कळला तर मुखवटा जाईल." भाकर उलटली. मग म्हणाली, "वरीसभर मी त्या एका रातीची वाट बघते, पोरी."

पानं पाठवून तेरा दिवस झाले होते. तिने ताटात भाकर वाढली, मी ती खाल्ली.

६ जानेवारी

सरांनी अजून उघडलेलं नाही. एक बटण दाबलं की परत घेता येतं. नाही दाबलं.

१७ जानेवारी

आढावा समिती. तीस जून शेवटची मुदत, यापुढे वाढ नाही. प्रश्न एकच : यात नवं काय? माझ्या तोंडून निघून गेलं, "चौथ्या प्रकरणात आहे." सर घाईघाईने म्हणाले, "हो हो, चांगलं झालंय." चांगलं झालंय! न उघडताच!

घरी येऊन पुन्हा ते बटण बघत बसले. मी वाईट नाही. पण पाच वर्षांचं म्हणून दाखवायला माझ्याकडे हे एवढंच आहे.

२ फेब्रुवारी

आज मंगळूबाबांकडे ताल नोंदवायला गेले. बोहाड्यात संबळ तेच वाजवतात. सहज विचारलं — सहज कसलं, मुद्दामच — जुन्या रेकॉर्डिंगमध्ये त्राटिकेचा ताल जलद आहे, आता संथ का?

"बाईमानसाचं गुडघं हायेत. सांभाळून वाजवाया लागतं."

मी गारच पडले. तुम्हाला माहीत आहे?

"गावाला पह्यल्या सालापासून माहीत हाय. पाय वळखू येतात, मॅडम. आमाला माहीत हाय, हे तिला तेवढं माहीत नाय."

मग मान कसा राहिला?

"कोनी बोललं तर जाईल ना. बोलतंय कोन?"

नऊ वर्षं. आख्खं गाव. पोरंसोरंसुद्धा! एका बाईला एक रात्र नाचता यावं म्हणून सगळे गप्प. आणि मी पाच वर्षं येते-जाते, माझं कोणी असं काही सांभाळलेलं नाही. हेवा वाटला मला अक्काबाईचा. खरंच वाटला.

खोलीवर येऊन फाईल काढून घेतली. मग माझ्याकडची प्रतही पुसली.  उपाशीच झोपते आता.

१० मार्च

सरांचा फोन, आपणहून! "चौथं प्रकरण उघडत नाहीये."

"ते नाहीच सर. त्या दिवशी चुकून म्हणाले."

"उज्वला, मग कठीण आहे."

मलाही माहीत आहे. त्यानंतर दिवसभर फोन वाजला नाही.

३० मार्च

पाडवा. आईने घरी बोलावलं होतं. गेले नाही. तेच प्रश्न असतात. इथे खाली सगळ्यांच्या गुढ्या. मी श्रीखंडाचा छोटा डबा आणला आणि चमच्याने संपवला.

१९ एप्रिल

बोहाड्याला गेले होते. आता प्रबंधासाठी नाही, नुसतीच. सकाळच्या बसने परत आले.

शेजारी पुण्याहून आलेली एक मुलगी बसली होती, सृष्टी नावाची. पीएचडीचं पहिलं वर्ष, मांडीवर कोरी वही. त्राटिका आली, संबळ संथ झाला, तशी ती माझ्याकडे वाकली. "मॅडम, हे कोण नाचतंय?"

आजूबाजूचे सगळे समोरच बघत होते.

"बहिरू," मी म्हटलं. "अंबडला कामाला असतो. दर वर्षी येतो."

तिने लिहून घेतलं.