थळच्या बंगल्याचा जनरेटर

तीर्थरूप बाबांना पुण्याहून रचनाचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. जखमेची पट्टी रोज बदलता ना?

आईने सगळं सांगितलं. तुम्ही लाइन बंद करून खांबावर चढलात आणि त्या बंगलेवाल्याने मेन स्विच न पाडताच जनरेटर लावला. करंट उलटा लाइनमध्ये शिरून तुमच्या हातात आला. वर तुम्हीच म्हणता, "जाव दे गो पोरी, त्याला म्हाईत नव्हता."

मी सोडणार नाही. विद्युत निरीक्षकांकडे तक्रार केली आहे. त्याने पाठवलेला पेढ्यांचा डबा त्याच्याच फाटकावर आपटायला आईला सांगा. ती आनंदाने जाईल.

वादळानंतर सगळं थळ तुमच्या हातांची वाट बघतं. चौकशीला तो भाजलेला हात खिशात लपवू नका. टेबलावर, त्याच्यासमोर ठेवा. त्याने तो बघितलाच पाहिजे.

तुमची, अजून रागातच असलेली,
रचना