मधेच प्लग काढणाऱ्या बाईंना

बाई, तुमची, माझी आणि धाटावच्या कंपनीत पाळ्या करणाऱ्या सगळ्यांची तेव्हा एकच तक्रार होती: यंत्राच्या डोक्यातला एक आकडा बदलायचा तर डोकंच उपटून काढावं लागे. तुमच्या पेणच्या स्वयंपाकघरात आपण बनवलेल्या पेट्या तिथल्या टाक्यांवर बसलेल्या होत्या. टाकी भरत आली की भोंगा वाजवायचा, एवढंच त्यांचं काम. भोंगा जरा लवकर वाजावा असं कंपनीला वाटलं की आपली वरात निघे. एसटीनं वडखळवरून रोहा, तिथून धाटाव, मग शिडी चढायची, पेटी उघडायची, चिप काढायची, तिचे पाय वाकले तर देवाचं नाव घ्यायचं, घरी आणून जांभळ्या दिव्याखाली ठेवून तिच्यातला जुना प्रोग्राम पुसायचा, नवा भरायचा आणि परत तीच शिडी. तो दिवा तुम्ही लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला होता. आल्यागेल्याला सांगायचात, "तिथं हात घालू नका, मेंदू धुवायला टाकलेत."

मी तुमची तंत्रनिकेतनातली विद्यार्थिनी, मग तुमच्या धंद्यातली एकुलती एक नोकर, आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सभेत टेबल बडवणारी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि चालू पेटीतच पुसून पुन्हा लिहिता येईल अशी चिप बाजारात आली होती. मी तुमच्यापुढे उभी राहून भाषणच ठोकलं. आता शिडी नको, पेटी फोडणं नको. चिपमध्ये बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम ठेवायचा. वीज आली की तो आधी जागा होतो, केबलमधून नवा प्रोग्राम आला तर जुना पुसून नवा लिहितो, नाहीतर असलेल्याला कामाला लावतो. जुनं सगळं पुसा, नवं लिहा, हे तर माझं सभेतलं आवडतं वाक्य. तुम्ही सुपात कोळंबीचे सोडे निवडत ऐकत होतात. मी केबल लावली, नवा प्रोग्राम अर्धा गेला असेल, तुम्ही उठलात आणि भिंतीवरचा प्लग काढलात.

"बाई, हे काय केलंत?"

"मी काय केलं? लाईट गेली."

"पंखा फिरतोय की. तुम्ही प्लग काढलात."

"आणि धाटावला लाईट तुला विचारून जाते काय गो?"

प्लग परत लावला, पेटी मेलेली. ना दिवा, ना भोंगा. 'नवा प्रोग्राम ठीक आहे' ही खूण मी लिहायला सुरुवात करतानाच घालून ठेवली होती. वीज आल्यावर बूटलोडरनं खुणेवर विश्वास ठेवला आणि अर्ध्या लिहिलेल्या प्रोग्रामात उडी मारली. मी चिडले. अशी परीक्षा घेणं हा अन्याय आहे, जगात कुणी मुद्दाम प्लग काढत नाही, असं बरंच काही बोलले. तुम्ही सोडे निवडून संपवलेत.

"झालं भाषण? आता ऐक. माझ्या बापाच्या मिठागरात बांध बदलायचा तर आधी मागं नवा घालत, मगच जुन्याला हात. मधेच उधाण आलं तरी खाडी आत येत नाय. तुझ्या चिपेत दोन बांधांना जागा हाय?"

"नाही. एकच प्रोग्राम मावतो."

"मग निदान उघाडीवरचा माणूस तरी जागचा हलवू नको. आणि काम झालं म्हणून बोंब मारायची ती झाल्यावर. आधी नाय."

उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. तुमच्यासारख्या खाडीकाठच्या मुलीला ते सांगावं लागलं नव्हतं, मला लागलं. मी बूटलोडर चिपच्या एका कोपऱ्यात कुलूपबंद केला, तिथं लिहिताच येऊ नये असा. खूण सगळ्यात शेवटी, सगळं लिहून, परत वाचून, आकड्यांची बेरीज जुळल्यावर. मग तुम्हाला प्लगचा नादच लागला. सुरुवातीला काढा, शेवटी काढा, फोनवर बोलता बोलता काढा. एकदा आमटीला फोडणी देता देता पायानं काढलात.

धाटावच्या साहेबांनी अट घातली होती: एक जरी पेटी मेली तर सगळ्या उचलून घेऊन जा. आपलं दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. पेट्या परत आल्या असत्या तर तुमचं ते स्वयंपाकघर नुसतं स्वयंपाकघर राहिलं असतं. नव्या चिपची पहिली पेटी धाटावला बसवली तो दिवस आठवतो: साहेब चहाचा कप घेऊन उभे आहेत आणि विचारताहेत, भलत्याच पेटीचा प्रोग्राम घातला तर? मी सांगते, प्रोग्रामच्या माथ्यावर पेटीचं नाव असतं, जुळलं नाही तर बूटलोडर घेत नाही. कुणीही येऊन केबल लावली तर? आधी परवलीचा शब्द मागतो. आणि हा बूटलोडरच बिघडला तर? इथं मी आवाज चढवून विज्ञानाच्या प्रगतीवर घसरले. तुम्ही माझा दंड धरलात.

"मग शिडी चढायची, साहेब, आणि चिप काढायची, पूर्वीसारखी. म्हणून तो लहान ठेवलाय आणि त्याला कुणी हात लावत नाय."

साहेबांनी मान हलवली. टाकीवरचा ऑपरेटर डबा हातात घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, "बाई, पेटी शिकत असताना टाकी भरली तर भोंगा कोन वाजवनार?"

"कुणीच नाय. तवर भरणं बंद ठेव आणि काचेच्या नळीकडं बघत बस."

"म्हंजे ती शिकनार आनि मी राखन करनार?"

"व्हय. पोरं शाळेत जातात तेव्हा घर कोण राखतं?"

"बायको."

"मग आज तुला कळेल."

सगळे हसले आणि मी केबल लावली. निम्मं काम झालं असेल, तुमचा हात भिंतीकडे गेला. मी तुमचा पदर ओढला, नको म्हणून. तुम्ही प्लग काढलात. साहेबांचा कप ओठांपाशीच थांबला. तुम्ही शांतपणे प्लग परत लावलात आणि पेटीचा छोटा दिवा सावकाश लुकलुकायला लागला: अर्धवट आहे, पण जागा आहे, वाट बघतोय. मी पुन्हा पहिल्यापासून प्रोग्राम पाठवला. टाकी भरत आली तेव्हा भोंगा नव्या जागी, लवकर वाजला.

"लवकर वरडते आता," ऑपरेटर म्हणाला. "बाईंवर गेली."

वडखळला गाडी बदलताना तुम्ही मला वडापाव दिलात आणि म्हणालात, "पदर फाडलास गो माझा." कौतुक एवढंच.

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी अजून सभांमध्ये बोलते आणि अजून सांगते की जुनं पुसायला हवं, पुष्कळ पुसायचं बाकी आहे. पण पुसायला निघालेल्या प्रत्येकाला आधी विचारते, अर्ध्यावर लाईट गेली तर जागं कोण राहील? बरेच जण चिडतात, मी तुमच्यावर चिडले होते तसेच. तेव्हा मी मनात हसते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा ते इथंच राहील. फक्त एक सांगते. हजार माणसांपुढे न अडखळणारी मी, चालू लिखाणात प्लग काढायचं धाडस मला आजही होत नाही. दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगते आणि स्वतः पंख्याकडे बघत बसते. उद्या नवी पेटी तपासायची आहे. टेबल मांडलंय, केबल लावलीय. बाई, या, आणि प्लग काढा.