एकादशीला मिळालेले शब्द

तीर्थस्वरूप नीलामावशीस,

मुदखेडहून तुमच्या भाचजावयाचा, भागवतचा, प्रभूमध्ये सलाम. गुडघे कसे आहेत? नांदेडातले जिने कमी चढा, आणि सभेत खाली बसणं तर आता सोडाच. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आई अजून माझ्याच घरी आहे, ही या पत्राची मुख्य बातमी. प्रभूचे उपकार किती मानू असं झालंय.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी येशूच्या विश्वासात आल्यापासून भोकरचा माझा थोरला भाऊ, दगडोबादादा, माझ्याशी बोलत नव्हता. मागच्या आठवड्यात त्याचा निरोप आला, की येऊन तुझ्या नव्या देवाचा जाब विचारतो अन् आईला घेऊन जातो, तुझ्या घरात तिचा धरम बुडून राहिला. आई गेली तर घर खायला उठेल, मावशी. तुम्ही फोनवर म्हणालात, प्रार्थना कर, पाठांतर करू नको, पवित्र आत्मा त्या घटकेला शब्द देतो. मी हो म्हणालो आणि पाठांतर केलं. (भरवसा होताच, पण तयारी असलेली बरी.) रुळांवर गस्त घालताना मोठमोठ्यानं उत्तरं घोकायचो. जोडीदार बसवराजला वाटलं माझं घरी रेणुकाशी बिनसलंय, त्यामुळं तो बिचारा आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला वाढून राहिला, आणि मी ती खाऊन राहिलो.

दादा आला, संगं शंकरप्पाकाका. (हे काका भांडणात कुणाच्याही बाजूनं बसतात, फक्त चहा कडक पाहिजे.) दादानं बसल्या बसल्या विचारलं, "आपल्या देवात काय कमी होतं रे?" याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. पण मावशी, ऐन वेळी सगळं पुसलं गेलं. दादा बघतोय, काका बघतायत, आई कोपऱ्यात मान खाली घालून बसलीय. आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "दादा, आज एकादशी हाय. भगर निवून राहिली. आधी आईला जेवू दे."

काका म्हणाले, "अरे, आपण तर आत्ताच स्टँडवर अंडाभुर्जी..." आणि दादानं त्यांच्याकडं असं पाहिलं की पुढचं वाक्य काकांनी गिळलं. रेणुकानं आईपुढं ताट ठेवलं. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "दगडू, ह्याचा देव बदलला. पर ह्या घरात माझा एकबी उपास कुणी मोडू दिला न्हाई. मी हितंच ऱ्हाते." दादा तिच्याजवळ सरकला आणि तिचं जेवण होईस्तोवर पदरावरच्या माश्या हाकलत बसला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू आवरेना. तुम्ही म्हणालात तसंच झालं, मावशी, शब्द मिळाले. पाठ केलेलं एक अक्षरही कामी आलं नाही.

तुमचा,
भागवत

ता. क. : दादा येत्या रविवारी पुन्हा येणार आहे. या वेळी भांडायला नाही, तुम्हा लोकांची प्रार्थना कशी असते ते बघतो म्हणाला. पण त्याच्या मनात लई प्रश्न आहेत. तुम्ही यावंच, ही विनंती.

पुन्हा ता. क. : रेणुकानं पत्र वाचलं आणि खरं काय ते लिहा म्हणून डोळे वटारले. तर एकादशी माझ्या ध्यानातच नव्हती. सकाळी मीच तिच्याकडं अंड्याचं कालवण मागितलं होतं. दादानं प्रश्न विचारला तेव्हा दाराआडून ती हळूच म्हणाली, एकादशी हाय, भगर निवून राहिली, आधी त्यांना जेवू द्या. मी फक्त ते मोठ्यानं म्हटलं. तरी शब्द आत्म्यानंच दिले यात मला तिळभर शंका नाही. तेव्हा रविवारी आलात की बाहेर खुर्चीवर बसू नका. आत दाराआड रेणुकाजवळ बसा, आणि दोघी जरा मोठ्यानं बोला.