उपग्रहाला म्हैस दिसते का?

खांदेश्वर,
जून १९९७

ती. सिंधुआत्यास,
अभिरामचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? काकांच्या शिंकेनं अजून अख्खी आळी दचकते का? मी मजेत आहे, म्हणजे घामातून जेवढा उरलो तेवढा मजेत.

मागे तुम्ही विचारलंत, हा मुलगा बेलापूरच्या ऑफिसात नेमकं करतो काय. तर उपग्रह वरून शहरांचे फोटो काढतो. त्यात तापलेली जागा लाल आणि थंड जागा निळी दिसते, ती मी कॉम्प्युटरवर बघत बसतो. (हो, त्याचा पगार मिळतो.) भातशेती जाऊन सिमेंट आलं की तिथं उष्णतेचं बेट तयार होतं. एप्रिलच्या फोटोत सगळ्यात लालभडक बेट निघालं ते नेमकं आमच्या सोसायटीचं. लोक झाडं लावतील या भाबड्या आशेनं मी तो फोटो मीटिंगमध्ये दाखवला.

सेक्रेटरी सयाजीराव देसले (सगळ्या जगाचा अपमान स्वतःवर ओढून घेणारा सज्जन माणूस) ताडकन उठले. "समोरची सोसायटी पिवळी आणि आपण लाल?" झाडं वाढायला वर्षं लागतात, इज्जत तर आजच चाललेली. उपग्रह पुन्हा डोक्यावरून कधी जाणार ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि त्या सकाळी गच्ची गार करायचं ठरवलं. आत्या, लोकांनी ओल्या चादरी अंथरल्या, पावणे गावातल्या बर्फाच्या कारखान्यातून टेम्पो भरून लाद्या आणल्या, टाकीतलं होतं नव्हतं ते पाणी वर ओतलं. बायका खालून ओरडत होत्या, "गेला का हो तो?" मी आकाशात बघून सांगत होतो, "आत्ताच गेला." (तो दिसत नाही. पण मान फिरवावी लागते.) बर्फ वितळून थेट माझ्या खोलीत उतरला, कारण मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो.

"दाखव नवीन फोटो," सयाजीराव म्हणाले. उपग्रहाचे फोटो हैदराबादच्या केंद्रात उतरतात, तिथून टेप यायला पावसाळा उजाडेल, असं मी सांगताच ते पांढरेफटक पडले. "म्हणजे श्रेय पाऊस घेणार?" त्यात टाकी कोरडी, नळाला थेंब नाही. खापर माझ्यावर फुटलं आणि मला खोली सोडायचा हुकूम झाला.

मी ट्रंक भरत होतो, तेवढ्यात खालच्या गावातल्या पुतळाबाई आल्या. जमिनी गेल्या, चाळी उभ्या राहिल्या, तरी म्हैस त्यांनी सोडलेली नाही, आणि तीच हरवलेली. "पोरा, तुज्या फोटूत माजी म्हस हाय का बघ." मी समजावलं, फोटोतला एक ठिपका मैदानाएवढा, त्यात म्हैस कशी दिसणार? "मंग आंधलाच हाय की तो!"

उपग्रहाच्या वतीनं मलाच लागलं. एप्रिलचा तोच फोटो पुन्हा उघडून पाहिला, तर भर लालात एक निळा ठिपका, सोसायटीच्या मागे, जिथं काहीही गार असायचं कारण नव्हतं. थर्मामीटर घेऊन भरावाच्या ढिगाऱ्यापलीकडे उतरलो. पाण्याची मोठी लाइन फुटून तिथं तळं झालेलं आणि मधोमध म्हैस, नाकपुड्यांपर्यंत सुखी. उन्हाळाभर आमचं पाणी कुठं जात होतं तेही कळलं.

पाइप दुरुस्त झाला, नळ वाहू लागले, हुकूम रद्द. आता दारात माणसं येतात. एकाला हरवलेली छत्री हवीय, एकाला उडालेला पोपट. सयाजीराव तर आपल्या सोसायटीला खास उपग्रह दिलाय असं सांगत फिरतात. झाड अजून एकही लावलेलं नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना दम.

तुमचा,
अभिराम

ता. क. – म्हैस न्यायला पुतळाबाईंची मुलगी रंजिता आली होती. बी.एस्सी. आहे. थर्मामीटर तिच्याइतकं नीट कुणी धरत नाही, म्हणून मला तिथलं तापमान रोज घ्यावं लागतंय. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. पुतळाबाईंचा होकार आहे (उपग्रहाबद्दलचं मत मात्र कायम). बाबांची परवानगी तेवढी तुम्ही विचारा. तुमच्यापुढे त्यांचा आवाज चढत नाही.

आणखी ता. क. – हे पत्र रंजितानं वाचलं. 'परवानगी विचारा' नको, 'कळवा' लिही, म्हणते. तेव्हा आत्या, बाबांना कळवा.