उतार आपल्या घरावरून

रविवार, ७ डिसेंबर

सगळ्यात आधी आली कोण, तर समोरची कालीबाई! पाहुण्यांचा पत्ता नाही आणि ही गाळणी मागायला हजर. गाळणी घेतली आणि बसूनच राहिली. "कसा शे पोरगा, पाहू तरी दे वं!"

पाहुणे पुरुषोत्तमनगरचे. सुकलालभाऊ, त्यांची बायको आणि मुलगा चंदन. पोरगा बरा वाटला. शेव-भाजी तिखट झाली होती तरी गुपचूप खाल्ली, नाक लाल झालं बिचाऱ्याचं. आमची काजल त्यांना आवडली. न आवडायला काय झालं? विमान चालवते माझी नात! सारंगखेड्यात दुसरी दाखवा.

सुकलालभाऊंना घाई फार. "पौष लागायच्या आत साखरपुडा उरकू." काजलचा बाप, माझा नवनीत, मान हलवतो आहे. काजल ताटं उचलत आत गेली.

गुडघे ठणकत आहेत. भांडी सरलाने घासली, चांगली सून आहे. पण पुसून मीच ठेवली.

सोमवार, ८ डिसेंबर

काजल सुट्टीवर आलेली नाही! कंपनीने तिला घरी बसवलं आहे. मला एकटीलाच सांगितलं, गच्चीवर, तूर निवडताना.

झालं असं. विमान दिल्लीहून मुंबईला निघतं ना, ते आपल्याच डोक्यावर आलं की उतरायला लागतं. मी म्हटलं, इतक्या लांबून? तर म्हणे, "हो आजी, इथूनच. इंजिन मंद करायचं आणि घसरत जायचं. इथे उशीर झाला की पुढे उंचीही जास्त आणि वेगही जास्त. मग नाक खाली केलं तर वेग वाढतो. वेग कमी करायला गेलं तर उंची उतरत नाही. दोन्ही एकदम होत नाही."

उसाची भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते, तसंच म्हणायचं. पंखांवर फळ्या उभ्या करून वारा अडवतात म्हणे. चाकंही लवकर सोडतात. आणि जमिनीपासून हजार फुटांवर सगळं जागेवर नसलं, तर उतरायचंच नाही! परत वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. त्यात लाज नाही.

त्या दिवशी विमान कॅप्टनच्या हातात होतं. वेग जास्त होता. शेजारी बसून लक्ष ठेवायचं, चुकलं तर ओरडायचं काम काजलचं होतं. ही म्हणाली, "सर, स्पीड..." तो म्हणाला, "हो हो, होतंय." ही गप्प बसली. विमान टेकलं ते पार पुढे जाऊन, धावपट्टी संपता संपता थांबलं. लोकांना काही कळलंच नाही. एकाने तर टाळ्या वाजवल्या.

आता दोघांचीही परीक्षा आहे, सिम्युलेटर की काय म्हणतात त्या खोट्या विमानात. गुरुवारी, अठराला. नापास झाली तर नोकरी गेली. बापाला सांगायचं नाही म्हणते. हे ओझं आता माझ्या डोक्यावर! तूर निवडायची राहिलीच.

बुधवार, १० डिसेंबर

मी कॅप्टन झाले! झोपाळ्यावर बसले, हातात उलथणं. काजल शेजारी.

"आजी, वेग जास्त आहे."

"कॅप्टनला आजी म्हणतात का?"

"कॅप्टन, फेरी मारा."

"ऐकू आलं नाही."

पुन्हा तेच, आणखी हळू. मोठ्या माणसापुढे हिचा आवाज गळ्यातच बसतो. लहानपणी पाहुण्यांसमोर पाणी मागायलाही लाजायची. दिसायला गोड वाटायचं तेव्हा. हसू आलं, मग नाही आलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

कंबर धरली आहे. लिहवत नाही.

रविवार, १४ डिसेंबर

पाहुणे पुन्हा आले. नारळ, शाल, सगळं घेऊन. चहा व्हायच्या आत सुकलालभाऊ म्हणाले, "गुरुवारी अठराला मुहूर्त चांगला शे. उरकी टाकू."

गुरुवार! माझ्या हातातलं पुरणाचं पातेलं निसटता निसटता राहिलं.

आणि नवनीत काय म्हणाला? "हो हो, होईल."

मला तो कॅप्टनच दिसला त्याच्यात. काजलकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, ते गुरुवारी..." आणि थांबली. सरला नारळावर कुंकू लावत होती.

मी स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडले, "ऐकू आलं नाही!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हातारीला झालं काय? आणि काजल उठून उभी राहिली. "थांबा! गुरुवारी नाही. माझी परीक्षा आहे." मग सगळंच सांगितलं, धावपट्टीसुद्धा. आवाज असा की कालीबाई अंगणातून दारात आली. "काय व्हयनं वं माय?"

चंदनने इतकंच विचारलं, "कोणाला लागलं तर नाही ना?" पण त्याच्या बापाने टोपी उचलली. "मग पौष संपल्यावर पाहू." अर्धा चहा कपातच राहिला. नारळ परत नेला.

नवनीत जेवला नाही. काजलशी बोललाही नाही. "लोकांसमोर?" एवढंच मला म्हणाला. मीही थकले आहे रे. पुरण कोणी खाल्लं नाही, उद्या गायीला घालीन.

गुरुवार, १८ डिसेंबर

काजल परीक्षेला गेली आहे. अजून फोन नाही. देवापुढे दिवा लावला. बाहेर ओट्यावर बसले, आत गेले, पुन्हा बाहेर.

शुक्रवार, १९ डिसेंबर

पास! काजलचा फोन आला. परीक्षा घेणाऱ्याने मुद्दाम विमान उंच ठेवलं, वेग वाढवला. काजलने एकदाच, पण जोरात सांगितलं आणि कॅप्टनने फेरी मारली. "आजी, तू ऐकलं असतंस गावात बसून," म्हणाली. हसली किती! मी रडत बसले वेडी. नवनीत दारात उभा राहून ऐकत होता, मग शेतात निघून गेला.

शनिवार, १७ जानेवारी

सुकलालभाऊंचा फोन आला. पौष संपतो आहे, पुन्हा येतो म्हणाले. फोन नवनीतने घेतला. मी कान लावून बसले. "या ना. पोरगी घरी नसणार, तिची दिल्ली-मुंबई आहे. पण दुपारी आपल्या डोक्यावरूनच उतरायला लागते. गच्चीवर बसू सगळे, तिथून पाहा माझ्या पोरीला." माझा नवनीत बोलला हे!

पाहुणे येणार पंचवीस जानेवारीला, रविवारी. गच्ची आधी झाडून घ्यायची.