‘खाऱ्या भिंती’च्या नव्या अल्बमबद्दल माझं निःपक्षपाती मत

गुरुवार, १ नोव्हेंबर २०१८. सकाळी ७:४०

आजपासून रोजनिशी. कारण: ‘खाऱ्या भिंती’ या बँडचा नवा अल्बम शुक्रवारी, ९ तारखेला येतोय. अकरा वर्षांनी.

हा बँड माझ्या डोक्यावर उभा राहिला. अक्षरशः. १९९६ साली मुहर्रम बे भागात तळमजल्यावर माझं इलेक्ट्रिकचं दुकान आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांची तालीम. त्यांचा पहिला अँप्लिफायर मी दुरुस्त केला, दुसरा मी बनवला आणि तिसरा माझं न ऐकल्यामुळे जळला. अलेक्झांड्रियात या बँडवर मत द्यायचा अधिकार कुणाला असेल तर तो मला. कॉलेजचं तोंड न पाहता मी आवाजाचं शास्त्र शिकलोय.

संकल्प: १) घाई नाही. २) मत निःपक्षपाती. ३) विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही.

त्याच दिवशी, ८:०५

वगीहचा फोन. वगीह म्हणजे बँडचा गायक. म्हणाला, उस्ता (कारागिराला मानाने असं म्हणतात), सगळं ऐक, पण शेवटचं गाणं जरा नीट ऐक. आणि फोनवर नको, घरी ये, समोर बसून सांग काय वाटलं. बाकीचं शहर काय बोलतं त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

संकल्प ३ निकालात निघाला.

शनिवार, ३ नोव्हेंबर

अडचण. जुने तिन्ही अल्बम माझ्याकडे कॅसेटवर आहेत. नवा फक्त मोबाइलवर येणार. नर्मीन (मुलगी, वय १९) म्हणाली, बाबा, इयरफोन लावा ना, झालं. इयरफोन बसमधल्या लोकांसाठी असतात. मोबाइलपासून माझ्या अँपपर्यंत मी स्वतः केबल बनवणार. नर्मीन म्हणाली, मनशियाच्या बाजारात तयार मिळते, पंचवीस पौंड. मी हसलो.

सोमवार, ५ नोव्हेंबर. संध्याकाळी ६:३०

केबल तयार. तीन तास. सोल्डर आरशासारखं.

आत तीन वायरी निघाल्या. एक डावीकडच्या आवाजाची, एक उजवीकडच्या. तिसरी कापून टाकली. सव्वीस वर्षं या शहरात वायरिंग करतोय, तिसरी वायर घरोघरी कापलीय, आजवर एक घर जळलेलं नाही. कंपन्या ती तांबं खपवायला घालतात.

हे ऐकून इग्लाल स्वयंपाकघरातून म्हणाली, मग आपलं कपडे धुवायचं मशीन हात लावला की मला चावतं ते कशामुळे? मी म्हटलं, समुद्राची दमट हवा. चपला घालत जा. ती म्हणाली, नऊ वर्षं घालतेय, लोकांना वाटत असेल बाई रोज किनाऱ्यावर जाते.

बायकोला शास्त्र सांगण्यात अर्थ नाही.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

केबलची चाचणी. नर्मीनच्या मोबाइलवर बातम्या लावल्या. निवेदकाचे ओठ हलतात, आवाज शून्य. मोबाइल चिनी. त्याच्यावर वेळ घालवला नाही.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर. दुपारी २:१५

नमाज झाली, मासे खाऊन झाले. पडदे ओढले. इग्लालला सांगितलं, पन्नास मिनिटं मशीन लावायचं नाही. ती म्हणाली, त्याला हात लावायची मला हौस नाही.

२:१८. गाणं पहिलं. गिटार दोन्ही बाजूंना. उत्तम. झांजाही छान. पण बास कुठे आहे?

२:३१. बास नाहीच. आणि वगीहचा आवाज शेजाऱ्याच्या न्हाणीघरातून यावा तसा. दार बंद. आवाज नव्हे, आवाजाचा घुमारा.

३:०५. शेवटचं गाणं, ‘दुसरा मजला’. सहा मिनिटं चाळीस सेकंद. कुणी गातच नाही! गिटार, झांजा आणि फार लांब कुणीतरी बहुधा टॉवेल मागतंय.

चार वेळा ऐकलं. पाचव्या वेळी इग्लालने बाहेरून दार लावून घेतलं.

मन खिन्न. पण निःपक्षपाती.

शनिवार, १० नोव्हेंबर

कॉफीहाऊसमध्ये डॉक्टर सिदकी भेटले. हे औषधांच्या दुकानाचे डॉक्टर. बँडचे चाहते झाले दुसऱ्या अल्बमनंतर, म्हणजे तसे उपरेच. म्हणाले, काय गायलाय वगीह! शेवटच्या गाण्याला मला रस्त्यात गाडी थांबवावी लागली, डोळ्यांपुढे दिसेना. मी विचारलं, गायलाय? कोण? ते माझ्याकडे बघतच राहिले. मग खांद्यावर थोपटून म्हणाले, विनय शोभतो बुवा तुला, रिफात. पहिल्यांदाच पाहिला.

याचा अर्थ लागला नाही. ज्या गाण्यात शब्दच नाहीत त्यासाठी गाडी थांबवणारा माणूस लोकांना औषधं देतो, हे भयंकर आहे. मी त्यांना चाळीस मिनिटं बासचं महत्त्व सांगितलं. ते आपले डॉमिनो उचलून दुसऱ्या टेबलावर गेले.

सोमवार, १२ नोव्हेंबर

त्रुटींची यादी पूर्ण. एकूण ४१. सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढली. मनात एकदा आलं, तीस पुरे. पण मग निःपक्षपातीपणा कुठे राहिला?

गुरुवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळी ७:१०

वगीहकडे जाऊन आलो.

त्याने टीव्ही बंद केला, स्वतः चहा केला, समोर येऊन बसला. म्हणाला, बोल, उस्ता, आठवडाभर झोप नाही मला. मी यादी वाचायला घेतली. सतराव्या त्रुटीपर्यंत तो हसत होता. म्हणाला, मनासारखं सुरू आहे तुझं, चालू दे. मग म्हणाला, ते राहू दे, शेवटचं सांग.

मी सांगितलं, ते काढून टाक. त्यात माणूसच नाही. रिकामी खोली आहे नुसती.

त्याने कप बशीत ठेवला. मग म्हणाला, कुणीच नाही, उस्ता?

मी म्हटलं, नाव घ्यावं असं कुणी नाही.

तो म्हणाला, बरं. चहा घे.

बावीस वर्षं मी निघालो की तो खाली रस्त्याच्या दारापर्यंत येतो, तिथे आणखी अर्धा तास जातो. आज खुर्चीवरून उठला नाही. खरं बोललेलं लोकांना सोसत नाही. यादी तिथेच राहिली. येताना भिजलो.

शनिवार, १७ नोव्हेंबर

वगीहला फोन केला. चार वेळा. उचलला नाही. फोन करायचं कारण फक्त यादी परत हवी होती, हे नोंदवून ठेवतो. मी दुखावलेलो नाही.

सोमवार, १९ नोव्हेंबर. दुपारी १

कॉफीहाऊसमध्ये सिदकींनी खुर्ची फिरवून पाठ केली. मग राहवेना म्हणून पुन्हा फिरवली आणि म्हणाले, असं तोंडावर बोललास त्याला? त्या गाण्याबद्दल? तुझ्या जागी मी असतो तर त्याचे हात धरून रडलो असतो. मी म्हटलं, रडायला आधी काही ऐकू तर यायला हवं. पूर्ण कॉफीहाऊसने डॉमिनो खाली ठेवले.

निर्णय: हा बँड सोडला. वय एक्कावन्न, नवा बँड शोधायला काही उशीर झालेला नाही. कॅसेटी फळीवरून काढल्या.

४:१०. कॅसेटी परत लावल्या. फळी मोकळी वाईट दिसते. दुसरं कारण नाही.

बुधवार, २१ नोव्हेंबर. दुपारी ३:२०

अक्षर नीट येत नाही आज.

जेवायला लवकर घरी आलो. स्वयंपाकघरात इग्लाल आणि नर्मीन, एकीच्या कानात एक इयरफोन, दुसरीच्या कानात दुसरा. इग्लाल अळकुड्या सोलत होती. हसत होती आणि डोळे पुसत होती. अळकुड्यांनी डोळ्यांत पाणी येत नाही. मी विचारलं, काय झालं? नर्मीनने दोन्ही इयरफोन काढून माझ्या कानात घातले.

‘दुसरा मजला’.

वगीह गातोय. माझ्या डोक्याच्या बरोबर मधोमध, खुर्ची टाकून बसल्यासारखा. खाली बासची एवढी जाड सतरंजी अंथरलेली.

गाण्यात एक माणूस आहे. तळमजल्यावर राहतो. वरच्या पोरांचे दिवे गेले की कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून वर येतो, सगळा मजला उजळून देतो आणि मग त्याच दिव्याखाली उभा राहून दिवा किती वाकडा टांगलाय ते सांगतो. तो नसता तर आम्ही अंधारात बसलो असतो, असं कडव्याच्या शेवटी येतं. मग नाव येतं. माझं नाव. सात वेळा. मोजलं.

स्टुलावर बसलो.

नर्मीन माझी केबल घेऊन आली. कापलेलं टोक दाखवलं. मोबाइलवर शोधून वाचलं, दोन मिनिटांत: डावा आणि उजवा आवाज, दोघांच्याही परतीची वाट ही तिसरी वायर. ती कापली की दोन्ही बाजूंना जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं. गायक जातो, बास जातो. बातम्यांचं तर काहीच उरत नाही. म्हणाली, बाबा, मधलं सगळं गेलं, तुम्ही नुसत्या कडा ऐकल्यात.

मी म्हटलं, हे मला ठाऊक होतं.

इग्लालने विचारलं, या गाण्याबद्दल तू वगीहला नेमकं काय सांगितलंस? मी केबल गुंडाळायला घेतली. तिने गॅस बंद केला आणि जवळ येऊन बसली. हे जास्त वाईट.

गुरुवार, २२ नोव्हेंबर. सायंकाळी ६

वगीहकडे गेलो. पाच मजले, लिफ्ट न घेता. वाटेत वाक्य तयार करायचं होतं.

त्याने दार उघडलं, पण साखळी लावूनच. मी फटीतून केबल आत दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली. विचारलं, तिसरी वायर? मी म्हटलं, कापली.

फटीतून त्याचा चेहरा नाहीसा झाला. मग धप्पकन आवाज आला. हसता हसता तो दाराला टेकून खाली बसला होता. साखळी काढली, मला आत घेतलं आणि फोन लावायला सुरुवात केली. ड्रमवाल्याला. बासवाल्याला. डॉक्टर सिदकींना. स्वतःच्या सासूलाही. प्रत्येकाला पहिल्यापासून. चार फोन होईपर्यंत मी उभा होतो.

मग डोळे पुसून म्हणाला, हं, आता सांग. कसं झालंय?

वाक्य चांगलं तयार झालं होतं. चौथ्या मजल्यावर तर फारच चांगलं होतं. तोंडातून निघेना. मी म्हटलं, दुकान जिन्याच्या डाव्या हाताला आहे असं गायलायस. ते उजव्या हाताला आहे.

तो म्हणाला, ठाऊक आहे, उस्ता. मुद्दाम चुकवलंय. तुला बोलायला काहीतरी नको का?

मी निघालो तेव्हा खाली रस्त्याच्या दारापर्यंत आला. अर्धा तास.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर. सकाळी ११

नवा संकल्प नाही. एक किरकोळ काम केलं. कपड्यांच्या मशीनची तिसरी वायर शोधून काढली आणि इमारतीच्या अर्थिंगपर्यंत ओढून जोडली.

इग्लालने चपला काढल्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि मशीनवर तळहात ठेवला. काही नाही. दुसराही ठेवला. काही नाही. मग वळून माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांचं पाहिलं.

मी म्हटलं, आज हवा कोरडी आहे.

बाहेर धो धो पाऊस पडत होता.